गुलाबाचं पान कोणी कापलं? पानं कापणाऱ्या मुंग्यांची दुनिया ठाण्यात बसून कशी समजून घ्यायची

मागच्या महिन्यात ऐरोलीहून भाच्याने फोटो पाठवला, बाल्कनीतल्या गुलाबाचा. पानांच्या कडा एकदम गोल कापलेल्या, म्हणजे आपण मोठी पोळी लाटून वाटीने पुऱ्या कापतो ना, तशा. खाली लिहिलेलं, "मावशी बघ, आपल्याकडे पण त्या पानं कापणाऱ्या मुंग्या आल्या!" त्याने कुठल्यातरी रीलमध्ये त्या मुंग्यांची लाईन बघितली होती, प्रत्येकीच्या डोक्यावर हिरव्या पानाचा तुकडा, आणि तेव्हापासून पोरगं त्याच नादात आहे.

तर पहिली गोष्ट स्पष्ट सांगते, आपल्याकडे त्या मुंग्या नाहीत. लीफकटर अँट म्हणून ज्या दाखवतात त्या फक्त अमेरिका खंडात सापडतात, टेक्सासच्या बाजूपासून खाली पार अर्जेंटिनापर्यंत. भाच्याच्या गुलाबाची पानं कापली होती एका मधमाशीने, तिच्याबद्दल पुढे सांगते. पण त्याला नुसतं "नाही रे, त्या इथे नसतात" असं सांगून सोडून देणं मला पटेना, कारण त्या मुंग्यांमध्ये जे बघण्यासारखं आहे ते सगळं, म्हणजे बुरशीची शेती, राखण, लुटालूट, एकमेकांवाचून न चालणं, हे आपल्या सोसायटीच्या गेटपासून येऊरच्या जंगलापर्यंत रोज चालू असतं, फक्त ते वेगवेगळ्या किड्यांमध्ये वाटलं गेलंय. त्या रविवारी मी त्याच्याकडे गेले आणि आम्ही सुरुवात केली. तेव्हापासून जे जे उपयोगी पडलं ते इथे लिहितेय, तुमच्याकडे मुलं असतील तर त्यांना घेऊन करा, नसतील तर एकट्याने करा, तितकीच मजा येते.

पद्धत एकच आहे. कुठलीही मुंगी किंवा किडा दिसला की चार प्रश्न विचारायचे. हा काय उचलून नेतोय, ते शेवटी कोणाच्या पोटात जातं, बदल्यात राखण कोण करतंय, आणि चोरून खाणारा कोण आहे. बास. हे चार प्रश्न मी लीफकटर मुंग्यांवरूनच घेतलेत, म्हणून आधी त्यांची गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं नुसती किड्यांची यादी वाटेल.

आधी मूळ मुंग्या

या मुंग्यांचे मुख्य दोन गट, अट्टा आणि अॅक्रोमर्मेक्स. मुंगी मागचा पाय पानाच्या कडेला रोवते आणि कंपासने वर्तुळ काढावं तशी स्वतः फिरत फिरत जबड्याने पान कापते, म्हणून तुकडा कमानीसारखा निघतो. तो तुकडा ती जमिनीखाली घरात नेते. आता तिथे नेऊन काय करते? पूर्वी लोकांना वाटायचं खात असेल, किंवा छताला लावत असेल. १८७४ साली थॉमस बेल्ट या इंग्रज निसर्गअभ्यासकाने निकाराग्वामधल्या मुंग्यांवरून लिहिलं की पानं हे खाणं नाहीच, ते खत आहे, त्याच्यावर मुंग्या बुरशी वाढवतात आणि ती खातात. तेच खरं निघालं. मुंग्या तुकडे चावून चावून लगदा करतात, त्याच्यावर आपल्या विष्ठेचे थेंब सोडतात आणि जुन्या मळ्यातली बुरशी थोडी थोडी उपटून नव्या लगद्यावर लावतात, भाताची आवणी करतात ना अगदी तसं. ही बुरशी टोकांना बारीक फुगीर घोस धरते आणि तेच घोस अळ्यांना भरवतात. मोठ्या मुंग्या कापताना पानाचा रसही पितात, पण पोरांचं पोट सगळं बुरशीवर.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट राणीची. नवी राणी जेव्हा उडून जाते तेव्हा तोंडातल्या एका पिशवीत आईच्या घरातल्या बुरशीचा कण घेऊन निघते. म्हणजे माहेरून विरजण घेऊन निघाल्यासारखं! ते विरजण वाटेत मेलं की तिचा संसार संपला, कारण त्या बुरशीशिवाय तिच्या पिल्लांना दुसरं काही चालत नाही, आणि त्या बुरशीलाही मुंग्यांशिवाय कोणी विचारत नाही. विरजण लागलं तर मात्र त्याच एका राणीपासून लाखो मुंग्यांचं घर उभं राहतं, आणि अट्टा राणी दहा वर्षांहून जास्त जगू शकते.

आता चोर. या मळ्यात एक दुसरीच बुरशी घुसते, एस्कोव्हॉप्सिस नावाची, ती मुंग्यांच्या पिकाला खाते, शेतात तण माजावं तशी. मुंग्या हाताने वेचून (म्हणजे तोंडाने) साफ करतातच, पण काही जातींच्या अंगावर पांढरट पावडरीसारखा थर असतो, लोकांना वर्षानुवर्षं वाटायचं ते मेण आहे. १९९९ साली कॅमेरून करी आणि त्याच्या सोबतच्यांनी दाखवलं की तो थर जिवंत बॅक्टेरियाचा आहे आणि त्या बॅक्टेरियापासून निघणारं औषध त्या तणाला मारतं. म्हणजे मुंगी, बुरशी, तण आणि औषध असे चार जण झाले. पाचवी एक माशी. फोरिड म्हणतात तिला, ती पान नेणाऱ्या मुंगीवर, बऱ्याचदा डोक्यावर, अंडं घालायला टपून असते, आणि मुंगीचं तोंड तर पानाने भरलेलं, ती काय करणार? म्हणून पानाच्या तुकड्यावर एक छोटीशी मुंगी बसून येते, पाहारेकरी. रीलमध्ये पुन्हा नीट बघा, तुकड्यावर बसलेली बारकी मुंगी दिसेल, लोकांना वाटतं ती फुकटची राईड घेतेय.

अजून एक. एखादं पान बुरशीला बाधलं तर मुंग्यांना ते लगेच कळत नाही, पण थोड्या वेळाने कळतं आणि मग त्या ते झाड कित्येक दिवस टाळतात. पोराला दूध पचलं नाही की आई ब्रँड बदलते तसं.

तिकडच्या शेतकऱ्यांना मात्र यांचा खूप त्रास आहे, ब्राझील अर्जेंटिनात संत्र्याच्या बागा, लागवडीची जंगलं रात्रीत बोडकी करतात. म्हणून भाच्याने विचारलं "ऑनलाईन मागवता येतील का पाळायला" तेव्हा मी त्याला अगदी कडक शब्दांत नाही म्हटलं आणि तुम्हालाही सांगते, बाहेरच्या देशातल्या मुंग्या आणायचा विचार पण करू नका. आपल्याकडे आधीच बाहेरून आलेल्या किड्यांनी कमी नुकसान केलेलं नाही.

सामान

फार काही लागत नाही. सोनार वापरतात ते दहा पट मोठं दाखवणारं भिंग, मोबाईलला लावायची मॅक्रो क्लिप असली तर उत्तम, एक वही, पांढरा कागद, थोडा गूळ, शेंगदाण्याचा कूट आणि चिमूटभर सुका जवळा. पायात बूट, पावसाळ्यात तर नक्कीच, येऊरला आणि खारघरच्या डोंगरावर फुरसं आणि घोणस दोन्ही असतात. आणि बसायला काहीतरी घ्या कारण एका जागी वीस मिनिटं बसता आलं नाही तर यातलं काहीच दिसणार नाही. चालत चालत मुंग्या बघता येत नाहीत.

घरातून सुरुवात: कापलेलं पान वाचायचं कसं

कड स्वच्छ गोल किंवा लंबगोल कापलेली आणि आजूबाजूला कुरतडल्याचं चिन्ह नाही, तर ती लीफकटर मधमाशी, मेगाकाईल. वेडीवाकडी कड आणि खाली काळ्या लेंड्या असतील तर अळी. पानात पांढरी नागमोडी रेष असेल तर नागअळी, ती पानाच्या दोन पदरांच्या मध्ये राहून खाते. भोकं भोकं असतील तर नाकतोडा किंवा भुंगेरा, रात्री टॉर्च मारून बघा.

मधमाशी असेल तर तुमचं नशीब चांगलं. सकाळी नऊ दहाच्या उन्हात गुलाब, बोगनवेल किंवा कांचनाच्या झाडाजवळ बसा. ती येते, पानाच्या कडेवर दोन्हीकडे पाय टाकून बसते, आणि काही सेकंदांत कापत कापत गोल फिरते, शेवटचा धागा तुटायच्या आधीच पंख सुरू करते, तुकडा पोटाशी धरून उडून जाते. हे मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा चहा थंड झाला हातातला. तीही मुंगीसारखी कंपास बनूनच कापते म्हणून कापलेली कड इतकी सारखी दिसते. पण प्रश्न दुसरा विचारा, ते पान कोणाच्या पोटात जातं? कोणाच्याच नाही! ती पान खात नाही, बुरशीही लावत नाही. ती पानाचा पाळणा करते. नळीसारखी एखादी पोकळ जागा शोधून लंबगोल तुकड्यांची भिंत, त्यात पराग आणि मधाचा गोळा, त्यावर एक अंडं आणि वर गोल तुकड्यांचं झाकण, मग पुढची खोली. आणि ही एकटी राहणारी मधमाशी, पोळं नाही, राणी नाही, अंगावर धावून येत नाही. पराग ती पायावर नाही तर पोटाच्या खालच्या केसांत भरते, पिवळं पोट दिसलं की ओळखा. तूर आपल्या ताटात येते त्यात या माश्यांचा मोठा हात आहे, तुरीच्या फुलावर त्या छान काम करतात. त्यामुळे चार पानं गेली म्हणून औषध मारू नका, प्लीज. गुलाबाला त्याने काही होत नाही.

तिला जागा द्यायची असेल तर बांबूच्या एका बाजूने बंद असलेल्या वीतभर नळ्या, आतून ६ ते १० मिलिमीटरच्या, दहा बारा एकत्र बांधा आणि पाऊस लागणार नाही पण सकाळचं ऊन येईल अशा जागी ग्रिलला घट्ट आडव्या बांधून ठेवा. हलल्या तर ती येत नाही. एखाद्या नळीचं तोंड पानाच्या चकतीने बंद झालेलं दिसलं की शेजारी तारीख लिहा आणि अजिबात हात लावू नका.

जास्वंदीवरचा पांढरा कापूस

ठाण्यात ज्याच्याकडे जास्वंद आहे त्याच्याकडे पिठ्या ढेकूण आहे, हे मी डोळे मिटून सांगू शकते. आणि जिथे पिठ्या ढेकूण किंवा मावा तिथे मुंग्या. लोक म्हणतात मुंग्यांनी झाड खाल्लं, तसं नसतं. ढेकूण झाडाचा रस पितो, जास्तीची साखर चिकट थेंब करून बाहेर टाकतो, मुंगी तो थेंब पिते. भिंगातून बघा, मुंगी मिशांनी ढेकणाच्या पाठीवर टकटक करते आणि थेंब येतो. गाईला पान्हा सोडायला लावतात तसं. बदल्यात मुंगी राखण करते, ढेकूण खाणारा ढालकिडा (लेडीबर्ड) आला की त्याला पिटाळते.

हे स्वतः तपासून बघायचं असेल तर सोपा प्रयोग आहे. दोन सारख्या फांद्या निवडा, दोन्हीवर ढेकूण हवेत. एका फांदीच्या बुडाशी मास्किंग टेप गुंडाळा आणि टेपवर पेट्रोलियम जेली जाड थापा, सालीवर डायरेक्ट नको. ती फांदी ग्रिलला, भिंतीला, दुसऱ्या पानाला कुठेही टेकता कामा नये, नाहीतर मुंग्या मागच्या दाराने येतात, माझा पहिला प्रयोग असाच फुकट गेला होता. त्या फांदीवर आधीच असलेल्या मुंग्या हलक्या हाताने झटका. मग दहा बारा दिवस रोज दोन्ही फांद्या बघून वहीत लिहा. माझ्याकडे सातव्या दिवशी मुंग्या नसलेल्या फांदीवर एक पांढऱ्या झिपऱ्यांची अळी आली, मी ती ढेकूण समजून चिरडणार होते, पण ती भरभर चालत होती. ढेकूण असा चालत नाही. ती ढालकिड्याची अळी, ढेकणाचाच वेष घेऊन ढेकूण खाणारी. त्यामुळे पांढरं काहीही दिसलं की आधी एक मिनिट थांबून बघा ते किती पळतंय.

तिथेच अजून एक चोर सापडू शकतो, एपफ्लाय नावाच्या छोट्या फुलपाखराची अळी. फुलपाखराची अळी म्हणजे पाला खाणारी असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं, ही मात्र ढेकूण खाते, अंगावर त्यांचंच पांढरं पीठ चिकटवून मुंग्यांच्या नाकाखाली बसते. तिचा कोष बघाल तर समोरून हुबेहूब माकडाचं तोंड, डोळे नाक सगळं. तो कोष आम्हाला कुंडीच्या वरच्या फांदीवर मिळाला तेव्हा भाचा अर्धा तास तिथून उठला नाही.

सोसायटीच्या गेटवरचा सायकस

नवी मुंबईत निम्म्या सोसायट्यांच्या गेटवर दोन बाजूंना दोन सायकस असतात, ताडासारखं दिसणारं ते बुटकं शोभेचं झाड. त्याला नवीन कोवळी पानं फुटली की रोज बघा. पानांवर हिरव्या किंवा लालसर छोट्या अळ्या आणि त्यांच्यावरून मुंग्या निवांत फिरतायत असं दिसेल. ही प्लेन्स क्युपिड फुलपाखराची पिल्लं, शास्त्रीय नावात चक्क पांडव आहे, लुथ्रोडेस पांडवा. अळीच्या पाठीवर मागच्या बाजूला एक ग्रंथी असते, तिच्यातून गोड थेंब येतो, मुंगी तो पिते आणि अळीवर अंडी घालायला येणाऱ्या गांधीलमाशांना जवळ येऊ देत नाही. इथे चारही प्रश्न एका हातभर पानावर सुटतात म्हणून मी नवीन माणसाला आधी सायकसच दाखवते.

अडचण अशी की सोसायटीचा माळी पानं खराब झाली म्हणून फवारणी करतो. सायकसच्या नव्या पानांचा एक बहर कुरतडला गेला तर झाड मरत नाही, दिसायला थोडं वाईट दिसतं इतकंच. आमच्या इथे मी कमिटीशी बोलून एक झाड तरी सोडायला लावलं, दोनपैकी एक. तुम्हीही बोलून बघा, शांतपणे मुलांना सोबत नेऊन बोललं की ऐकतात.

एक छोटं काम वाटेत करून घ्या. रेल्वेलाईनजवळ एरंड उगवलेला असतो, पानाच्या देठावर, पान सुरू होतं तिथे, बारीक गाठी दिसतील. त्या मधाच्या गाठी, फुलात नसलेल्या. झाड मुंगीला थेट पगार देतं, मधला ढेकूण नाहीच. बी मात्र मुलांना हातात घेऊ देऊ नका, एरंडाचं बी विषारी असतं.

हुमले

आता जरा बाहेर पडा. आंबा, जांभूळ, करंज असं जुनं झाड शोधा आणि मान वर करून पानांचे चेंडू बघा. कोकणात हुमले म्हणतात, कोणी ओंबील म्हणतं, लाल तांबूस, लांब पायांच्या आणि रागीट. या पानं कापत नाहीत, शिवतात. आधी मुंग्यांची साखळी करून दोन पानं जवळ ओढतात, एकीने दुसरीची कंबर धरायची, दुसरीने तिसरीची, आणि मग आतून काही मुंग्या आपल्याच अळ्या तोंडात धरून येतात. त्या अळीच्या तोंडातून रेशीम निघतं. मुंगी अळीला या पानाला टेकवते, मग त्या पानाला, पुन्हा या पानाला. विणकराचा धोटा चालतो ना, तस्सं, फक्त धोटा म्हणजे घरातलं बाळ. हे काम बघायचं असेल तर घरटं अर्धवट असताना बघायला मिळतं, कडेची पानं अजून हिरवीगार आणि मधे पांढरं जाळं ताजं असेल असं घरटं निवडा. झाडाला टेकू नका, झाडाखाली उभं राहू नका, दोन हात लांबून बघा. चावतात आणि वर चावलेल्या जागी आम्ल सोडतात, त्याने जास्त झोंबतं.

बागायतदार वैतागतात यांच्यावर, कारण आंबे उतरवताना चावतात आणि खवलेकिडीला पाळतात. पण याच मुंग्या झाडावरचे कितीतरी इतर किडे साफ करतात, चीनमध्ये संत्र्याच्या बागांत त्यांची घरटी मुद्दाम आणून लावायची पद्धत कित्येक शतकांपासून आहे. आणि ओडिशातल्या सिमिलीपालच्या काई चटणीला, म्हणजे याच मुंग्यांच्या चटणीला, २०२४ साली जीआय टॅग मिळाला.

हुमल्यांच्या वाटेवर एक खेळ खेळा, मुलांना हा सगळ्यात आवडतो. ओळीतल्या प्रत्येकीचे पाय मोजायचे. कधीतरी एक अशी सापडते की जी जरा अडखळत, थांबत थांबत चालतेय, पुढचे दोन पाय मिशांसारखे वर धरलेत, आणि मोजलं तर पाय आठ! तो कोळी. मुंगीचा वेष घेतलेला उड्या मारणारा कोळी, समोरून बघितलं तर दोन मोठे डोळे बल्बासारखे चमकतात. फांदीला हलकं टिचकी मारली तर तो रेशमाच्या धाग्यावर खाली लोंबकळतो, मुंगी असं करत नाही. हा मुंग्यांच्या आसऱ्याने राहतो, कारण हुमल्यांच्या नादी सहसा कोणी लागत नाही. दुसरा एक खेकड्यासारखा बसणारा कोळी असतो, त्याच्या पोटाच्या मागच्या टोकाला दोन काळे ठिपके, जणू मुंगीचे डोळे, आणि तो खरोखर हुमले पकडून खातो. दोघांचा वेष एकच, पण एक भाडेकरू आणि एक दरोडेखोर.

येऊरला जाणार असाल तर तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग आहे, चेकपोस्टवर विचारून, वेळ पाळून जा, आणि तिथून एक पान पण उचलून आणू नका. तिथे झाडांवर काळपट तपकिरी, शेणाच्या गोळ्यासारखं काही चिकटलेलं दिसलं तर ते क्रीमॅटोगॅस्टर मुंग्यांचं घर, या मुंग्या चिडल्या की बुडखा वर करून डोक्यावर आणतात. तांबूस सुतार पक्षी याच घरट्याला भोक पाडून आत स्वतःची अंडी घालतो. मुंग्या खातो आणि मुंग्यांच्याच घरात पिल्लं वाढवतो! हे दिसायला फार नशीब लागतं, मला अजून दिसलेलं नाही, भोक असलेलं रिकामं घरटं तेवढं बघितलंय.

बी गोळा करणाऱ्या

पाऊस संपला, गवत सुकलं की ठाण्याहून पनवेल लोकल पकडून खारघरला उतरा आणि डोंगराच्या पायथ्याच्या मोकळ्या माळावर जा. जमिनीत भोक आणि भोवती भुशाची गोल रांग, म्हणजे आत बी साठवणाऱ्या मुंग्या. बी आत, टरफल बाहेर. इथे जवळ कागद ठेवून गूळ, शेंगदाणा कूट आणि जवळा असे तीन ढीग करा आणि दर पाच मिनिटांनी कुठल्या ढिगावर किती मुंग्या ते लिहा, शेवटी कागद उचलून आणा.

यात एक गंमत आहे नावाची. १८३५ साली कर्नल साइक्सने पुण्यात गवताचं बी साठवणाऱ्या मुंग्या बघून एका जातीला नाव दिलं होतं अट्टा प्रोव्हिडेन्स, म्हणजे कागदावर अट्टा आपल्याकडेही होती! पुढे ती फायडोल गटात गेली आणि अट्टा हे नाव पानं कापणाऱ्यांकडेच राहिलं. भाच्याला हे सांगितलं तर तो इतका खूश झाला की जसं काही त्याचंच म्हणणं खरं ठरलं.

आणि शेवटी खरे शेतकरी

बुरशीची शेती आपल्याकडे कोण करतं? वाळवी. आपण मुंग्यांचं वारूळ म्हणतो ते बहुतेक वेळा वाळवीचं असतं, आणि वाळवी मुंगी नाहीच, ती झुरळाच्या नात्यातली. नागपंचमीला आपण ज्याची पूजा करतो ते उंच, कंगोरे असलेलं वारूळ ओडोन्टोटर्मिस वाळवी बांधते. आत पोकळ्या, हवा खेळायला वाटा, आणि मधोमध मळे.

वारूळ फोडून बघायचं नाही, हे आधीच सांगते. एक तर वर्षानुवर्षांचं काम मोडतं, आणि दुसरं म्हणजे आयत्या बिळात नागोबा ही म्हण उगीच पडलेली नाही. पण पाईपलाईनसाठी रस्ता खणतात तेव्हा कधीकधी मळा आपोआप उघडा पडतो. मानपाड्याला एकदा असाच चर खणला होता, मातीच्या भिंतीत नारळाएवढी पोकळी आणि त्यात तपकिरी, अक्रोडाच्या गरासारखी वळ्यावळ्यांची स्पंजी वस्तू. मी हातात तुकडा घेतला तर एकदम हलका, किंचित ओलसर, मातीचा आणि ताज्या अळंबीचा मिळून वास येत होता. भिंगातून बघितलं तर त्या वळ्यांवर पांढरे टपोरे दाणे, खसखशीपेक्षा थोडे मोठे, शेकडो. ती बुरशी, टर्मिटोमायसेस. आणि त्यावर मऊ पांढऱ्या कामकरी वाळव्या, उघड्यावर पडल्यामुळे सैरभैर झालेल्या. पाच मिनिटांत काळ्या मुंगळ्यांनी त्यांना उचलून न्यायला सुरुवात केली, चौथा प्रश्न समोरच सुटला.

वाळवी हिरवं पान नेत नाही, ती वाळलेला पाला, काटक्या, लाकूड खाते, ते पोटातून जवळजवळ कच्चंच पुढे जातं आणि त्या विष्ठेचाच हा स्पंज रचते. जे वाळवीला पचत नाही ते बुरशी पचवते, मग बुरशीचे दाणे आणि जुना झालेला स्पंज दोन्ही वाळवी खाते. जंगलातला वाळका पाला माती होतो त्यात यांचा केवढा वाटा आहे, आणि आपल्याला वाळवी म्हटलं की फक्त कपाट आठवतं.

फरक कुठे आहे ते बघा. मुंग्यांची राणी माहेरून विरजण आणते, आपल्याकडच्या या वाळवीची राणी सहसा रिकाम्या हाताने येते. पहिल्या पावसात ट्यूबलाईटभोवती पंख झडून पडतात ते हेच राजा राणी. त्यांची पहिली कामकरी पिल्लं बाहेर पडून पाल्याबरोबर बुरशीचे बीजाणू, म्हणजे तिचं पावडरीसारखं बी, गोळा करून आणतात, तेव्हा कुठे मळा सुरू होतो. आणि ते बीजाणू येतात कुठून? पावसाळ्यात वारुळाजवळच्या जमिनीतून वर येणाऱ्या अळंब्यांतून. ती अळंबी ओढून बघितली तर तिचं मूळ लांबच लांब खाली जातं, थेट मळ्यापर्यंत. म्हणजे एका घरातली अळंबी उगवली, पूर्ण उघडली, झडली, तर शेजारच्या नव्या घरात शेती सुरू होणार.

जांभळी नाक्यावर पावसाळ्यात मुरबाडकडच्या बायका पानात बांधून अळंबी विकायला आणतात, ती त्यांच्याकडून घ्या, त्यांना ती पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, स्वतः जंगलातून काढून खायच्या भानगडीत पडू नका, विषारी अळंबी त्याच्याच शेजारी उगवते. आमच्या नेहमीच्या मावशींना मी विचारलं की सगळी काढता का. त्या म्हणाल्या कळी आणि अर्धी उघडलेली काढतो, छत्री पूर्ण झाली की ती तशीच ठेवायची, चवीला पण चांगली नसते. जुलैमध्ये कुठे वारुळाजवळ पूर्ण उघडलेली छत्री दिसली तर खाली पांढरा कागद रात्रभर दगडाने दाबून ठेवा, सकाळी त्यावर फिकट गुलाबीसर पावडरीचे किरण उमटलेले दिसतील. ते बीजाणू. फोटो काढा आणि कागद तिथेच मातीवर झटकून या.